रेंडर लावलं की स्क्रीन काळी आणि पंखा बेफाम: कार्ड गेलंय की दुसरंच काही?

धयकालो
शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी कुडाळच्या बाजूला एका गावात राहते. भाऊ दशावतारी नाटकांचं चित्रीकरण करतो, कापाकापी माझ्याकडे. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की त्याला उसंत नसते, नाटक रात्री उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं. त्या चार-पाच तासांच्या फायली पावसाळ्यात मी घरी बसून निस्तरते. म्हणजे माझा हंगाम आत्ता आहे आणि आत्ताच कॉम्प्युटरने दगा दिलाय.

मशीन २०१९ मध्ये जुळवून घेतलेलं. आय फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, कॅबिनेटबरोबर आलेला पॉवर सप्लाय. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६०, ६ जीबीचं, २०२२ मध्ये सेकंडहँड घेतलं. मॉनिटर जुना, मागे निळ्या पिनेची व्हीजीए केबल लागते तो.

त्रास दोन आहेत.

डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावलं, म्हणजे कापलेल्याची शेवटची फाईल बनवायला घेतली, की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी, मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. त्याच क्षणी कार्डाचा पंखा मिक्सरमध्ये खोबरं वाटायला घेतल्यासारखा ओरडतो. गाणं लावलेलं असेल तर ते थोडा वेळ चालू राहतं! मग बटण दाबून धरून बंद करावं लागतं. परत चालू केलं की शहाण्यासारखं चालतं, पुढच्या रेंडरपर्यंत.

दुसरा त्रास नेहमीचा. काळोख्या दृश्यात, म्हणजे मागे काळा पडदा आणि पुढे पेट्रोमॅक्सच्या उजेडासारखा पिवळा प्रकाश, अशा ठिकाणी हिरवे ठिपके चमचमतात आणि बारीक आडव्या रेघा थरथरतात.

ड्रायव्हर काढून परत टाकला. ब्लोअर मारला. आतून पालीचं एक रिकामं अंडं निघालं, बाकी धूळ बेताची. मग दुकानात नेलं. त्यांनी माझं कार्ड काढून स्वतःचं छोटं कार्ड लावलं, दोन तास ठेवलं, काही झालं नाही. म्हणाले, “ताई, तुमचं कार्ड गेलं. नवीन अठरा हजारांपासून.” ठिपके मात्र त्या छोट्या कार्डावर दिसले का, ते मी विचारलंच नाही, तिथे त्यांचा मॉनिटर होता.

सासूबाईंचं निदान वेगळं आहे: “पावसात सगळ्यांकाच सर्दी होता, तेकाय झाली आसतली.”

अठरा हजार घालण्याआधी खात्री कशी करायची? घरात दुसरा कॉम्प्युटर नाही. कार्ड काढलं तर स्क्रीनवर काहीच येत नाही, त्यामुळे त्याच्याशिवायही तपासता येत नाही.

ढ_विद्यार्थी
शनिवार, रात्री ११:४८

कार्डाची प्लॅस्टिकची टोपी आणि हीटसिंक काढून ओव्हनमध्ये २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजा. आतलं सोल्डर परत चिकटतं. व्हिडिओत पाहिलंय, खरंच चालू होतं. नाहीतरी मेलंच आहे तर जातंय काय?

तपकिरीतला_दादा
रविवार, सकाळी ७:१५

ढ भाऊ, ओव्हनात केक करा.

शिशाविना सोल्डर वितळतं २१७ अंशांच्या आसपास. तुमच्या २०० अंशांवर ते वितळतच नाही. मग व्हिडिओत कार्ड चालू का होतं? उष्णतेने सगळं थोडं प्रसरण पावतं, हलतं, चिपच्या पोटातला सुटलेला टाका तात्पुरता टेकतो. मी हीट गनने हे पाप केलेलं आहे. पुण्यात तपकीर गल्लीत बावीस वर्षं दुकान चालवलं, त्यात सुरुवातीच्या काळात ‘हीट मारून’ कार्डं दिली. गिऱ्हाईक हसत जायचं आणि दीड महिन्याने तेच कार्ड घेऊन, न हसता, परत यायचं. शिवाय भाजताना कपॅसिटर आणि फ्लक्सचा जो वास सुटतो, त्यानंतर त्या ओव्हनात नानकटाई करायची हिंमत कुणाची होईल? आणि मुख्य म्हणजे ताईंचं कार्ड मेलंय हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

ताई, आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही लिहिलंय छान, पण दोन दुखणी एकत्र बांधून एका कार्डाच्या गळ्यात घातली आहेत. आधी ती सोडवू.

ठिपके आणि रेघा. ठिपके दिसत असताना कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीन दाबा, चित्र साठवा आणि मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवर त्या चित्रात ठिपके असतील तर गडबड कार्डाच्या आत, मेमरीत किंवा चिपमध्ये. चित्र स्वच्छ असेल तर कार्डाने बरोबर रंगवलंय, वाटेत कुठेतरी माती मिसळली. वाट म्हणजे केबल, मॉनिटर आणि मधलं जे काही असेल ते. ‘मधलं जे काही’ म्हणतो, कारण १०६० ला व्हीजीएचं भोक नसतं. तुमच्या मॉनिटरला व्हीजीए लागतं. म्हणजे मध्ये एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर नक्की आहे आणि तो तुम्ही हिशेबात धरलेला नाही. घरात टीव्ही असेल तर एचडीएमआय केबल थेट टीव्हीला लावून तेच दृश्य बघा.

काही जण सांगतील, बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या, स्क्रीनवर ठिपके दिसले की कार्ड गेलं. अर्धं खरं. बायोसमध्ये विंडोजचा ड्रायव्हर चालत नसतो, म्हणून तिथे ठिपके असतील तर ड्रायव्हर सुटला एवढंच. केबल आणि कन्व्हर्टर तिथेही असतातच की.

आता काळी स्क्रीन. यात मला दुकानदाराचा राग आला, तोही आमच्याच धंद्यातला असल्यामुळे जास्त. त्याने छोटं कार्ड लावलं म्हणता. तसल्या कार्डांना, उदाहरणार्थ जीटी ७१० ला, वेगळी वायर लागतच नाही. १९ वॅट खातं ते, मदरबोर्डच्या खाचेतूनच पोट भरतं. तुमचं १०६० खातं १२० वॅट. खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकते. उरलेले येतात कार्डाच्या कडेला खोचलेल्या सहा पिनांच्या वायरीतून. म्हणजे छोटं कार्ड लावलं तेव्हा ती सहा पिनी वायर परीक्षेला बसलीच नाही! पॉवर सप्लायवरही ताण आला नाही. जावयाला पोळी-भाजी वाढून पन्नास माणसांच्या पंगतीचा आचारी पास केला असं झालं ते. छोटं कार्ड चाललं याचा अर्थ मदरबोर्ड, रॅम आणि खाच साधारण ठीक. मोठं कार्ड मेलं, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यासाठी उलटी परीक्षा हवी: तुमचं कार्ड, धडधाकट पॉवर सप्लायच्या दुसऱ्या मशीनमध्ये.

आणि कार्ड काढल्यावर स्क्रीन येत नाही ते बरोबरच आहे. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला शेवटचा ‘एफ’ म्हणजे पोटात ग्राफिक्स नाही. त्यात बिघाड शोधू नका.

दुसरं मशीन मिळेपर्यंत घरी दोन गोष्टी करा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात नोंदी फाईलमध्ये साठवायची सोय आहे. ती चालू करून रेंडर लावा. स्क्रीन काळी झाली, मशीन परत चालू केलं, की फाईलची शेवटची ओळ बघा. कार्डाचं तापमान किती होतं? ८३ च्या आसपास पोचलं की हे कार्ड स्वतःच दम खातं, वेग कमी करतं. ९० च्या पुढे जाऊन बंद पडलं असेल तर पंखा आणि चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट यांच्याकडे बघू. साठ-सत्तरला बंद पडलं असेल तर उष्णतेचा विषय मिटला.

दुसरं, आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा, १०० टक्क्यांवरून ६० वर आणा आणि रेंडर लावा. रेंडर सावकाश होईल, होऊ द्या. तेव्हा काळी पडते का सांगा.

या सगळ्याच्या आधी एक काम. मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून आतली उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि आत बघा. कार्डाला खोचलेली सहा पिनांची वायर थेट पॉवर सप्लायच्या डब्यातून येते, की मध्ये काही जोडलेलं आहे? फोटो टाका.

एफपीएस_पिपासू
रविवार, सकाळी १०:०२

दादा म्हणतात ते ठीक, पण माझी पैज थर्मल पेस्टवर. सेकंडहँड १०६० म्हणजे पूर्वीच्या मालकाने मायनिंगला, म्हणजे रात्रंदिवस क्रिप्टो नाणी काढायला, जुंपलेलं असण्याची शक्यता भरपूर, पेस्ट वाळून खडू झाली असेल. फरमार्क हे कार्डाला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर लावा, पाच मिनिटांत दूध का दूध.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, तीही बघा. ४१०१ नंबरची नोंद असेल तर ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं’ असा अर्थ. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला मेलेलं समजून परत उठवतं. कर्नल-पॉवर ४१ असेल तर सरळ पॉवर सप्लाय.

तपकिरीतला_दादा
रविवार, सकाळी १०:३०

४१ वरून ‘सरळ पॉवर सप्लाय’ म्हणू नका. मशीन नीट बंद न होता बंद झालं, इतकंच ती नोंद सांगते. ताई दर वेळी बटण दाबून धरतात, मग ४१ येणारच. नावात पॉवर आहे म्हणून कित्येकांनी चांगले पॉवर सप्लाय बदलले.

आणि फरमार्क आत्ता नको. वायरीवर संशय असताना कार्डाला मुद्दाम पूर्ण ताणायचं म्हणजे गॅसचा वास येतोय म्हणून काडी ओढून बघायचं. त्यांचं रेंडर आहे ना, तेवढा ताण पुरे.

पेस्टची पैज घेतली. हरलात तर खत्री बंधूंकडे आइस्क्रीम.

धयकालो
सोमवार, रात्री ९:५५

दादा, नमस्कार करते. लहान मुलीसारखी वहीत लिहून सगळं केलं. फक्त एक चूक झाली: आत बघायचं काम आधी सांगितलं होतंत, मी ते शेवटी केलं.

प्रिंट स्क्रीनचं चित्र मोबाइलवर एकदम स्वच्छ. संकासुराचा काळा वेष, मागचा काळा पडदा, एक ठिपका नाही. मग एचडीएमआय केबल टीव्हीला लावली. तिथेही स्वच्छ. सहा महिने मी त्या ठिपक्यांसाठी भावाच्या कॅमेऱ्याला शिव्या देत होते. हो, मध्ये कन्व्हर्टर आहे, पांढरा, आगपेटीएवढा, कार्ड घेतलं तेव्हा दुकानदाराने ‘हा फ्री’ म्हणून दिलेला.

तापमान. दोनदा काळी पडली. शेवटच्या ओळीत एकदा ६७, एकदा ६६. पंखा त्या ओळीपर्यंत निम्म्या वेगालाच होता. पिपासू भाऊ, आइस्क्रीम तुमच्याकडून.

पॉवर लिमिट ६० वर ठेवून पन्नास मिनिटांचा पूर्ण प्रवेश रेंडर झाला. एकदाही काळी पडली नाही! मला वाटलं सुटलो, असंच चालवू. मग तुमचं आत बघायचं आठवलं.

मध्ये जोडलेलं आहे. कार्डाच्या सहा पिनांतून एक आखूड वायर निघते, तिच्या दुसऱ्या टोकाला चपटा काळा प्लग आहे, हार्ड डिस्कला लागतो तसला, आणि तो पॉवर सप्लायच्या तसल्याच चपट्या वायरीत खोचलेला. तो प्लग आता काळा नाही. एका टोकाला कॉफीसारखा तपकिरी झालाय आणि थोडा वितळून तिरका. ओढला तर निघेना, निघाला तेव्हा करपलेल्या प्लॅस्टिकचा वास. फोटो जोडलाय.

आता हे चालू करू का नको?

तपकिरीतला_दादा
सोमवार, रात्री १०:०४

नको. अजिबात नको. ६० टक्क्यांवरही नको. रात्री रेंडर लावून झोपायचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा.

फोटो बघितला. ज्याची भीती होती तेच. हिशेब सांगतो. सहा पिनी जोडणीतून ७५ वॅटपर्यंत ओढायची कार्डाला मुभा असते, १२ व्होल्टला ते होतात सव्वासहा अँपियर. तो चपटा साटा प्लग हार्ड डिस्कसाठी बनवलेला. त्यात १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना, प्रत्येकी दीड अँपियर, म्हणजे एकूण साडेचार अँपियर, ५४ वॅट. त्यावरचा भार म्हणजे रिक्षात सहा माणसं. रोज चालते म्हणून चालवायची. पिना गरम होतात, गरम झाल्या की पकड सैल होते, सैल झाली की अवरोध वाढतो आणि अजून गरम होतात. शेवटी कार्डाला मिळणारं व्होल्टेज क्षणभर कोसळतं. कार्ड बेशुद्ध पडतं, पंख्याला सांगणारं कुणी उरत नाही, म्हणून तो पूर्ण वेगात सुटतो. प्रोसेसर आणि साउंड वेगळ्या वायरींवर, म्हणून गाणं चालू राहतं. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये गाण्याचं लिहिलंत तिथेच माझा कान टवकारला होता.

पॉवर लिमिट कमी केल्यावर चाललं, कारण तेव्हा कार्ड ७२ वॅटच्या आसपास खात होतं. खाच आणि ही वायर मिळून तेवढं ओढून नेत होती.

कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त पॉवर सप्लायला सहा पिनी वायरच नसते, म्हणून दुकानदार हा जोड मारतात. ज्या पॉवर सप्लायला ती वायर दिलेली नाही, तो या कार्डासाठी बनवलेलाच नाही, इतका साधा अर्थ असतो त्याचा. नवीन घ्या, चांगल्या प्रतीचा, ४५० ते ५५० वॅटचा, सहा अधिक दोन पिनांच्या वायरीसकट. पण घेण्याआधी कार्ड जिवंत आहे का बघू. जवळपास कुणाकडे गेमिंगचं मशीन?

ठिपक्यांचं: तो फुकटातला कन्व्हर्टर एचडीएमआयच्या पाच व्होल्टच्या पिनेवर जगतो आणि तिथे मानकाप्रमाणे ५५ मिलिअँपियरचीच हमी असते. स्वस्त माल त्यावर धापा टाकतो. चांगला कन्व्हर्टर घ्या किंवा एचडीएमआयवाला जुना मॉनिटर शोधा. रंगाचं काम करता तर दुसरंच करा.

खोडरबरवाली
सोमवार, रात्री १०:४१

कार्ड बाहेर काढणारच आहात तर सोनेरी पट्ट्या पुसून घ्या. आमच्याकडे अलिबागला खाऱ्या हवेने त्यावर काळपट थर बसतो. मी पांढऱ्या खोडरबरने हलके घासते. आणि काढताना खाचेच्या टोकाची खिट्टी आधी दाबा. मी एकदा तशीच ओढली होती, ती खिट्टी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

तपकिरीतला_दादा
सोमवार, रात्री १०:५०

खोडरबर चालतो, पण रोजचा उद्योग करू नका, सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा चुरा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा जास्त बरा. खिट्टीबद्दल सहमत. माझ्या खणात अशा अकरा होत्या.

धयकालो
शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

सावंतवाडीला मावसभावाच्या मुलाकडे गेमचं मशीन निघालं, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय असलेलं. कार्ड जुन्या साडीत गुंडाळून एसटीने नेलं. (कळलं, साडीत स्टॅटिक असतं. त्या मुलाने आधीच पुरेसं ऐकवलंय.) त्याच्या मशीनला लावून माझाच प्रोजेक्ट दोन तास रेंडर केला. पॉवर लिमिट १००. तापमान ७४ वर जाऊन थांबलं. काळी नाही, ठिपके नाहीत, पंखा माणसासारखा.

५५० वॅटचा पॉवर सप्लाय काल आला, चार हजार तीनशेला. वायरी बदलताना हातावर ओरखडे पडले आणि पुढच्या यूएसबीची वायर उलटी लावली होती, ती मुलाने व्हिडिओ कॉलवर सरळ करून घेतली. आत्ता हे लिहितेय तेव्हा मागे रेंडर चालू आहे, एक तास दहा मिनिटं झाली. कन्व्हर्टर फेकला, तूर्त टीव्हीवरच काम चालू आहे, त्यामुळे सासूबाईंची मालिका बुडतेय. त्या म्हणतात, आधीचीच सर्दी बरी होती.

एकच विचारायचं राहिलं. दुकानात जाऊन तो वितळलेला जोड दाखवला. मालकाने हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, “हे तर चालतं ओ, दुसरा देऊ?” मी घेतला नाही. पण जुना पॉवर सप्लाय आणि हा जोड भावाच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला चालेल का? त्याला ग्राफिक्स कार्ड नाही.

तपकिरीतला_दादा
शुक्रवार, संध्याकाळी ७:०५

पॉवर सप्लाय: ज्या चपट्या प्लगला हा जोड लावला होता तो बघा. तोही तपकिरी झालेला असेल, मग ती पूर्ण वायर बाद. आणि ती वायर डब्यातून वेगळी निघत नसेल तर डबाच बाद, भंगारात द्या.

जोड मात्र भंगारात अख्खा देऊ नका. पकडीने मधोमध कापून द्या. नाहीतर कुणीतरी पुसून परत विकेल.